जुन्या बंदुकांचा लॉट घेऊन पुढे विकायचाय? आधी हे करा

माझा एक मित्र जुन्या फर्निचरचा धंदा करतो, मागे त्याचा फोन आला, उमरेडकडच्या एका मालगुजाराच्या वाड्यातलं सामान निघून राहिलं, त्यात सहा बंदुका आहेत, सगळा लॉट उचलतो अन् एकेक करून काढतो, मधातला फायदा आपला. मी म्हटलं थांब बाप्पा, सोफा अन् दुनळी एका टेम्पोत येत नाही.

कारण साधं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक विकणं, विकायला ठेवणं, हे सगळं डीलर लायसनचं काम आहे. घरच्या वापराचं लायसन असलेल्या माणसाला स्वतःची बंदूक दुसऱ्या लायसनवाल्याला विकता येते, पण नफ्यासाठी घे-विक नाही करता येत. आणि तुमच्याकडे लायसन असलं तरी सहा बंदुका त्यावर चढणारच नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. वारसाहक्कात मिळाल्या तरी दोनच. म्हणजे लॉट मधात तुमच्या नावावर येऊच शकत नाही, तो फोडावा लागतो अन् प्रत्येक बंदूक एका लायसनवरून उतरून सरळ दुसऱ्या लायसनवर किंवा डीलरच्या रजिस्टरमध्ये जावी लागते. दलाली करायची असेल तर तीही डीलरला पुढे करूनच, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून गिऱ्हाईक शोधायच्या भानगडीत तर पडूच नका.

तर पहिलं काम, हात लावू नका. खरंच. पाहायला गेलात तर वाड्यातच पाहा, लायसनधारकासमोर पाहा, आणि "घेऊन जा, दाखवून आणा" असं कोणी म्हटलं तरी डिक्कीत टाकू नका. लायसनधारकाच्या लेखी परवानगीने दुसऱ्याला बंदूक नेता येते, पण ती दुरुस्तीला किंवा लायसन रिन्यू करायला, गिऱ्हाईकाला दाखवायला नाही. विनापरवाना बाळगल्याची शिक्षा आता २ ते ५ वर्षं आहे, आणि विनापरवाना विक्रीची किमान ७ वर्षं ते जन्मठेप.

दुसरं, लायसन कोणाच्या नावावर आहे अन् तो माणूस हयात आहे का हे विचारा. जुन्या घरांत इथेच घोळ असतो. आजोबा जाऊन आठ वर्षं झाली, लायसन त्यांच्याच नावाचं, बंदुका कपाटावर, अन् नातू म्हणतो आमच्याकडे लायसन आहे ना. नाही भाऊ, ते आजोबांकडे होतं. लायसनधारक गेला की वारसांनी विनाकारण उशीर न करता त्या बंदुका जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन असलेल्या डीलरकडे जमा करायच्या असतात, कलम २१, आणि पावती घ्यायची. मग वारसांपैकी एकजण बाकीच्यांची नाहरकत जोडून स्वतःच्या लायसनसाठी अर्ज करू शकतो, नाहीतर जमा असतानाच पात्र माणसाला विकायची परवानगी मागता येते. आजोबा हयात असले, वय ७० च्या वर असलं किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असली, तर ते जिवंतपणीच वारसाच्या नावे करायला सांगू शकतात, आणि खरं सांगायचं तर हेच सगळ्यात कमी डोकेदुखीचं.

इतकी वर्षं झालीत अन् घरचे लोक घाबरून राहिले असतील तर आधी वकील, मग पोलीस स्टेशन, तुम्ही बाजूला उभे राहा.

तिसरं, वर्गवारी. प्रत्येक बंदुकीचा मेक, बोअर (नळीच्या भोकाचं माप) अन् नंबर लिहून काढा आणि लायसनशी ताडून पाहा. नंबर घासलेला असला किंवा नसलाच तर ती विकता येत नाही, विषय संपला. बाराबोर, .३१५ रायफल, .३२ रिव्हॉल्वर ही साधारण एनपीबी, म्हणजे प्रतिबंधित नसलेली. .३०३ किंवा ९ एमएम निघाली तर ती पीबी, म्हणजे प्रतिबंधित, तिचं लायसन दिल्लीहून गृह मंत्रालयाकडून, त्यामुळे ती बाजूला काढा. नळी कापलेली दिसली तर ती विनापरवानगी कापणं हाच वेगळा गुन्हा आहे. काडतुसंही मोजा, डब्यात पडलेली चार जुनी काडतुसं म्हणजे पण दारूगोळाच.

ठासणीच्या बंदुकीवर सगळे फसतात. जुनी आहे, शंभर वर्षांची आहे, लायसन कशाला, असं अर्धं नागपूर सांगेल. कायद्यात सूट आहे, पण ती जुन्या पद्धतीचं, पुरातन किंवा मोडकं हत्यार दुरुस्त करूनही झाडता येत नसेल तर, नुसत्या वयाने नाही. आणि झाडता येतं की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, केस झाली तर ते तपासणारेच ठरवतात. वरून वस्तू शंभर वर्षांची असेल तर पुरावशेष कायदा १९७२ लागू होतो, तिचा धंदा करायला वेगळं लायसन लागतं अन् भारताबाहेर पाठवता येत नाही, फॉरेनचा गिऱ्हाईक कितीही देवो.

हो, भिंतीवरचं वाघाचं कातडं अन् सांबराची शिंगं! बंदुकांसोबत हे असतंच. मालकीचं सर्टिफिकेट असलं तरी विकता येत नाही, वन्यजीव कायदा. सर्टिफिकेटच नसेल तर वनविभाग, अन् त्याची किंमत लॉटमध्ये धरूच नका. तलवारी, कट्यारी सांगायला सोप्या वाटतात पण त्याही नियमात मोडतात, वेगळ्या विचारून घ्या.

आता विक्री. गिऱ्हाईकाचं लायसन स्वतः पाहा, वय २१ पूर्ण, लायसन चालू, युआयएन नंबर (लायसनधारकाचा ओळख क्रमांक) आहे, त्यात त्या प्रकारच्या हत्याराची जागा रिकामी आहे, हे सगळं. मग विकणाऱ्याने लेखी कळवायचं, कोणती बंदूक, कोणाला, त्याचा पत्ता, हे जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस स्टेशनच्या इन्चार्जला, आणि कळवल्यापासून ४५ दिवस झाल्याशिवाय बंदूक द्यायची नाही. नागपूर शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, उमरेड, काटोल, रामटेक अशा ग्रामीण भागाचं कलेक्टर ऑफिसकडे, हद्द चुकली की अर्ज फिरत बसतो. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्क्याची पोच घ्याच, तारीख दिसली पाहिजे, ४५ दिवस तिथूनच मोजायचे. बयाना घेतला तर परवानगी न मिळाल्यास परत असं लिहून ठेवा. निवडणूक लागली की हत्यारं जमा करायचे आदेश निघतात, मग फाईल थांबते, तेवढा वेळ हाताशी धरा.

मित्राच्या सहापैकी दोन बंदुका वारसाच्या नावे गेल्या, तीन डीलरकडे जमा झाल्या, ठासणीची अजून तपासणीतच आहे. त्याला मिळाला तो एक शिसवी पलंग अन् दोन आरामखुर्च्या, पण तो म्हणतो चालते. बंदूक द्यायच्या दिवशी जुन्या लायसनवर उतरल्याची आणि नव्या लायसनवर चढल्याची, दोन्ही नोंदींची झेरॉक्स घेऊन पोचेच्या मागे स्टेपल करून ठेवा.