टाळेबंदी लवकर की उशिरा: मी हिशोब कसा मांडते

मी संख्याशास्त्र शिकवते. साथीत टाळेबंदी लवकर करायची की उशिरा, हा प्रश्न आला की मी विद्यार्थ्यांना आधी एकच आकडा शोधायला लावते: रुग्ण किती दिवसांत दुप्पट होतात? समजा, तीन दिवसांत. मग आठवडाभर थांबलात तर रुग्ण साधारण पाचपट, दोन आठवडे थांबलात तर पंचवीसपट. हे स्वतः कागदावर मांडा. नुसतं वाचून ते अंगावर येत नाही.

मृत्यूंचे आकडे पाहून निर्णय घेऊ नका. कोविडमध्ये आजचे मृत्यू म्हणजे बहुधा दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा संसर्ग. आकडा भीतीदायक दिसेपर्यंत वेळ हातातून गेलेली असते.

मग १९१८च्या फ्लूच्या साथीतली अमेरिकेची दोन शहरं शेजारी ठेवा. फिलाडेल्फियात फ्लूचे रुग्ण सापडलेले असूनही २८ सप्टेंबरला प्रचंड मिरवणूक निघाली; गर्दीवर बंदी आली ३ ऑक्टोबरला. सेंट लुईसने पहिले रुग्ण कळल्यावर दोनच दिवसांत, ७ ऑक्टोबरला, शाळा-थिएटरं बंद केली. तिथला मृत्युदराचा शिखरबिंदू कितीतरी खाली राहिला. पण नोव्हेंबरमध्ये निर्बंध सैल होताच तिथेही साथ उसळली. म्हणून ‘कधी उघडायचं’ हे बंद करण्याआधीच ठरवा.

दुसऱ्या पारड्यात बुडालेली मजुरी, बुडालेली शाळा, लांबलेले इतर उपचार टाका, आणि प्रामाणिकपणे टाका. हातावर पोट असणाऱ्याला धान्य आणि पैसे पहिल्याच दिवशी मिळणार नसतील, तर ती टाळेबंदी मी लवकरची म्हणणार नाही, अर्धवट म्हणेन.