भाजलेल्या लहान मुलाचं खाणं आणि जखम कशी सांभाळावी

बादलीतलं कढत पाणी, हात लागून सांडलेला चहा, चुलीवरून कलंडलेलं वरण. पाच वर्षांच्या आतली मुलं बहुधा अशीच भाजतात. पहिल्या दिवशी सगळं घर धावतं, पण पुढचे आठवडेही तितकेच जपायचे असतात. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर प्रथिनं जातात, अंगाची झीज वाढते आणि दुखत असल्यानं मूल खात नाही. आधीच अशक्त असलेलं मूल मग जंतूंपुढे हरतं.

१. आधी गार पाणी. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी २० मिनिटं सोडा. भाजून तीन तास व्हायच्या आत कधीही केलं तरी उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका. बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळा, लहान मुलं लवकर गार पडतात. मुलाचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. असे दहा तळहात भाजले असतील, किंवा चेहरा, हात-पाय, जांघ भाजली असेल, तर १०८ला फोन करा. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर थोडं भाजलं तरी दवाखान्यात न्या. धनुर्वाताच्या लशीचं विचारून घ्या.

२. दंडाचा घेर मोजून घ्या. अंगणवाडीताईंकडे पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते कुपोषित, ११.५पेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषित. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तीव्र कुपोषित मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. त्याचं खाणं दवाखान्यातच हळूहळू वाढवावं लागतं.

३. पथ्य सोडा. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. ‘तूरडाळीनं पू होतो’, ‘अंड्यानं जखम चिघळते’, ‘आंबट नको’ असं म्हणत आजी-शेजारणी मायेपोटीच एकेक पदार्थ बंद करतात, आणि मुलाच्या ताटात उरते पातळ पेज नाहीतर चहा-बिस्किट. नवी कातडी मात्र डाळ-अंड्यातल्या प्रथिनांपासूनच तयार होते. बरंच भाजलेल्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ३ ग्रॅम प्रथिनं लागू शकतात; नेमकं प्रमाण डॉक्टर ठरवतील. १० किलोच्या मुलाला ३० ग्रॅम, म्हणजे दिवसभरात दोन अंडी, दोन कप दूध आणि मूठभर दाण्यांचा कूट. कूटच द्या, अख्खे दाणे घशात अडकतात. अंडं चालत नसेल तर मुगाचं घट्ट वरण, दही, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ द्या. भातावर तूप सोडा, पेरू-लिंबू-आवळा बंद करू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावरचंच दूध, पण पुन्हा पुन्हा.

दर दोन तासांनी चार घास भरवा. दुखतं म्हणून तोंड फिरवत असेल तर वेदनेचं औषध जेवणाआधी किती वेळ द्यायचं ते विचारा. ड्रेसिंगसाठी उपाशी ठेवायला सांगितलं, तर नेमकं किती तास तेही विचारा. नाहीतर सकाळपासून दुपारपर्यंत मूल विनाकारण उपाशी राहतं, आणि असं दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होत राहतं. आठवड्याला वजन करा.

४. जखमेला जपा. हात साबणानं धुतल्याशिवाय पट्टीला शिवू नका. फोड फोडू नका, मुलाची नखं कापा, माश्या बसू नयेत म्हणून मच्छरदाणी लावा. पट्टी ओली झाली तर बदलून घ्या. उरलेलं जुनं अँटिबायोटिक आपल्या मनानं देऊ नका.

५. केव्हा निघायचं? जखमेला वास, हिरवट-पिवळा पू, पसरत जाणारी लाली, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब, लघवी कमी होणं, मूल मलूल पडून दूध सोडणं. जखम अगदी लहान असली तरी पहिल्या काही दिवसांत ताप आणि पुरळ एकदम आले तर जंतूंचं विष रक्तात भिनलेलं असू शकतं. कुपोषित मुलाला जंतुसंसर्ग होऊनही ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं. असं गार, सुस्त मूल दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.