एसडीजीचे रंगीत चौकोन लावण्याआधी कंपन्यांनी आणि गावांनी या चुका टाळा

कुठल्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांचे (एसडीजी) रंगीत चौकोन आणि त्यांखाली वर्षभरात जे काही केलं ते बसवलेलं. शाळेला बाक दिले? चौथं उद्दिष्ट, शिक्षणाचं. टाकी बांधली? सहावं, पाण्याचं. इथेच घोडं पेंड खातं. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये १७ उद्दिष्टं मान्य केली, तेव्हा त्यांखाली १६९ लक्ष्यंही दिली. काम मोजायचं ते लक्ष्यावर. सहाव्यातलं पहिलंच लक्ष्य २०३० पर्यंत सगळ्यांना सुरक्षित आणि परवडणारं पिण्याचं पाणी मागतं. त्यामुळे टाकी किती लिटरची हे दुय्यम. मे महिन्यात किती घरांत पाणी पोचलं, ते लिहा.

आरओ दिला आणि विसरलो

गावाला पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र देणं, सगळ्यात जास्त फसलेली देणगी हीच. फीत कापली, नावाचा फलक लागला, पाचाचं नाणं टाकलं की वीस लिटर पाणी. पुढे मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, खराब होतं आणि नवीन घ्यायला पैसे नसतात, कारण नाणी कुणी मोजायची आणि कुठल्या खात्यात भरायची हेच ठरलेलं नसतं. वीजबिल थकतं, शटर खाली येतं.

बंद प्लांट सुरू करायचा असेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी मूळ पाणी तपासून घ्या. भारतीय मानक १०५०० नुसार टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. विहिरीचा टीडीएस ३५० आहे आणि तक्रार जुलाबांची आहे, तर दोष जंतूंचा. तिथे चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, पाण्यात क्लोरीन उरलं का ते दाखवणारी रोजची ओटी टेस्ट आणि हे काम करणाऱ्या जलसुरक्षकाचं वेळेवर मानधन एवढ्यावर काम भागतं, तेही आरओच्या कितीतरी कमी पैशांत. अकोला-बुलढाण्याचा खारपाणपट्टा (जिथे जमिनीतलं पाणीच खारट) किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडची फ्लोराईडची गावं यांची गोष्ट वेगळी. तिथे प्लांट लागेल, पण मशीन बरंच पाणी रिजेक्ट म्हणून बाहेर टाकतं. ते कुठे सोडायचं हे आधी ठरवा, नाहीतर ते गटारात जातं आणि टंचाईच्या गावात त्यावरून भांडणं होतात. शिवाय प्लांटचं बँक खातं वेगळं ठेवा. बचत गटाकडे चालवायला दिला तर हिशेब बहुधा चोख राहतो, असं माझं मत.

मार्चची घाई

कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ती संपवायला फेब्रुवारी-मार्चमध्ये सौरदिवे आणि रोपं वाटली जातात. मार्चमध्ये रोपं! पाणी कोण घालणार? खरं तर कायद्यातच वाट आहे: काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या, उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या अनस्पेंट (न खर्चलेल्या रकमेच्या) खात्यात टाका आणि पुढच्या तीन वर्षांत खर्च करा. रोपं मग जुलैत लावता येतात आणि दोन उन्हाळे त्यांना पाणी घालायला माणूसही ठेवता येतो.

कागदावरची ग्रामसभा

गावंही कमी नाहीत. सतरा उद्दिष्टं पंचायतींसाठी नऊ संकल्पनांत बसवली आहेत: जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, महिलास्नेही गाव वगैरे. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्यातली एखादी निवडायची असते. बऱ्याचदा ती संगणकावर बसून निवडली जाते आणि सह्या नंतर गोळा होतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने हे चौकोन जन्मायच्या कितीतरी आधी, १९९० च्या सुमारास काम सुरू केलं. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. एवढी कडक बंधनं बाहेरून कुणी लादली असती तर टिकली नसती.

फाटकाच्या आतलं कोण बघणार?

गावात शौचालयं बांधायची आणि कारखान्याचं सांडपाणी त्याच गावच्या ओढ्यात सोडायचं, हा प्रकार अजून दिसतो. आपल्या प्रदूषणाची व्यवस्था लावणं हा धंद्याचा खर्च आहे. तो या २ टक्क्यांत मोडत नाही. कंत्राटी कामगाराला किमान वेतन मिळतं का, पीएफ भरला जातो का, हे चांगल्या रोजगाराच्या आठव्या उद्दिष्टातच येतं. त्यासाठी वेगळा प्रकल्प लागत नाही. कंत्राटदाराचं पुढचं बिल पास करण्याआधी त्याची पीएफची चलनं मागवा.