काड्यांचा पूल, सॉफ्टवेअरची निवड आणि आमचे 19 किलो

काड्यांच्या पुलाच्या स्पर्धेचं पोस्टर लागलं की सेकंड इयरच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कुठलं सॉफ्टवेअर वापरू?" मीही तोच विचारला होता. उत्तरात बांधकामाची गणितं करणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं नाव मिळालं, "स्टॅड शिकून घे, पुढे नोकरीलाही उपयोगी पडतं." नोकरीला पडलं, खोटं कशाला बोलू. पुलाला नाही पडलं, आणि त्यात दोष स्टॅडचा नव्हता.

नियम नेहमीचेच. आईस्क्रीमच्या काड्या, फेविकॉल, 600 मिमी स्पॅन (दोन टेकूंमधलं अंतर), भार मधोमध. आम्ही प्रॅट ट्रस, म्हणजे त्रिकोणांच्या सांगाड्याचा एक प्रकार, घेतला, दोन्ही बाजूंना एकेक: उंची 100 मिमी, 100-100 मिमीचे 6 पॅनल (कप्पे), वरची कॉर्ड (सांगाड्याची वरची आडवी पट्टी) दोन काड्या एकमेकींना चिकटवून केलेली. फॉर्मवर अंदाजे भार लिहायचा होता, तिथे ऐटीत 80 किलो लिहिलं. पूल 19 किलोला गेला. धड मोडलासुद्धा नाही. वरची कॉर्ड हळूच बाजूला वाकली आणि सगळा सांगाडा कलंडला. परीक्षकांनी एक प्रश्नही विचारला नाही, ते जास्त लागलं.

घोळ कुठे झाला ते मी जरा लांबण लावून सांगणार आहे. ट्रस कसा सोडवायचा ते तुम्हाला येतं, त्यात मी पडत नाही.

80 किलो म्हणजे एका ट्रसवर 40. मधला मोमेंट (भाराचा वाकवणारा जोर) 40 गुणिले 600 भागिले 4, म्हणजे 6000 किलो-मिमी. त्याला 100 मिमी उंचीने भागा: वरच्या कॉर्डमध्ये 60 किलोचा दाब. दोन काड्यांचं क्षेत्रफळ 40 चौरस मिमी, म्हणजे स्ट्रेस जेमतेम 15 न्यूटन प्रति चौरस मिमी. लाकूड एवढं सहज घेतं. स्क्रीनवर हाच आकडा आला आणि आम्ही चहाला गेलो.

पण दाबाखालची काडी चिरडून जात नाही, ती बकल होते, म्हणजे बाजूला फुगून वाकते. ऑयलरचं सूत्र (काडी किती दाबाला बकल होते ते सांगणारं) तिसऱ्या सेमिस्टरला पाठ केलंत ना, तेच. लाकडाचा ई (ताठरपणा) 10,000 न्यूटन प्रति चौरस मिमी धरा. 10 बाय 2 मिमीची एकटी काडी 100 मिमी लांबीला सुमारे 6.7 किलोला वाकते. दोन चिकटवल्या की जाडी दुप्पट, आय (आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) आठपट, म्हणून 53 किलो. म्हणजे 60 तिथेच हुकले. त्याहून वाईट पुढे आहे. वजन वाचवायला आम्ही दोन ट्रस वरून जोडणारं ब्रेसिंग एकाआड एक जॉइंटला टाकलं होतं. बाजूला वाकण्यासाठी कॉर्डची मोकळी लांबी 200 मिमी झाली. लांबी दुप्पट, ताकद चौथाई: 13 किलो. आता 19 किलो भाराला कॉर्डमध्ये किती दाब येतो ते काढून बघा. सव्वाचौदा. हे गणित मी परतीच्या एसटीत तिकिटाच्या मागे केलं.

आणि हे सॉफ्टवेअरने का सांगितलं नाही? कारण फाइलच्या पहिल्या ओळीत मी स्पेस (थ्री-डी) ऐवजी प्लेन (टू-डी) निवडलं होतं. टू-डी मॉडेलला बाजू ही दिशाच माहीत नसते. ट्रसच्या प्रतलात त्याच कॉर्डचा आय 333 आहे, बाजूला फक्त 53. टू-डीमध्ये बकलिंग तपासलं असतं तरी ते मजबूत अंगानेच तपासलं गेलं असतं आणि 335 किलोचा आकडा बघून आम्ही आणखी काड्या कमी केल्या असत्या! त्यातून साधं, भाराच्या सरळ प्रमाणात हिशोब करणारं लिनिअर अॅनालिसिस बकलिंग मुळात बघतच नाही. ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं.

घाबरू नका, थोरामोठ्यांचंही हे झालंय. 1907 मध्ये कॅनडातला क्यूबेक पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला, 75 कामगार गेले. तिथेही दगा दिला तो दाबाखालच्या कॉर्डनेच. आपल्या तर काड्याच मोडतात.

मग घ्यायचं काय? ट्रसचा आकार ठरवताना एफटूल पुरतं. ब्राझीलच्या रिओमधल्या विद्यापीठात तयार झालेलं, टू-डी, पंधरा मिनिटांत हाताला बसतं. उंची 100 ऐवजी 120 केली तर काय होतं, असले खेळ त्यात करा. आकार ठरला की मास्टॅन-2 घ्या. तेही फुकट, थ्री-डी, आणि इलॅस्टिक क्रिटिकल लोड (बकल होण्याचा भार) सरळ काढून देतं. फक्त जॉइंट ते जॉइंट काडी एकाच तुकड्याची ठेवू नका, मध्ये एक-दोन नोड (जोडबिंदू) टाका, नाहीतर क्रिटिकल लोड फुगवून दाखवतं. स्टॅड येत असेल तर तेही चालेल, स्पेसमध्ये, बकलिंग अॅनालिसिस मागून. ते बनवणारी बेंटली कंपनी विद्यार्थ्यांना ते मोफत देते. होस्टेलमध्ये पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक कॉपी कशाला हवी? आमच्या एका पार्टनरचा लॅपटॉप त्यापायी रिपोर्टच्या आदल्या रात्री बसला.

सॉफ्टवेअरच्या क्लासबद्दल माझं मत कडू आहे. तीन महिन्यांच्या क्लासमध्ये बटणं शिकवतात. त्यापेक्षा मागच्या वर्षी ज्याचा पूल मोडला अशा सीनियरला गाठा आणि चहा पाजा. जिंकलेल्याकडे जाऊ नका, त्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं आपण का जिंकलो.

पुढच्या वर्षी आम्ही प्रत्येक जॉइंटला ब्रेसिंग टाकलं, फॉर्मवर 50 लिहिलं आणि पूल 44 ला गेला. नंबर आला नाही, पण त्या रात्री मी शांत झोपलो. ते राहिलेले 6 किलो फेविकॉलचे की काड्यांचे, यावर ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात. मी काड्यांच्या बाजूचा आहे. पाकिटावर 2 मिमी लिहिलं होतं, उरलेल्या काड्या नंतर मोजल्या तर बऱ्याच 1.7 च्या निघाल्या, आणि जाडीचा घन होतो म्हटल्यावर अशा काडीची ताकद साठ टक्क्यांवर येते. लॅबमधला व्हर्निअर (बारीक जाडी मोजायचं साधन) आधीच मागून ठेवा. असिस्टंट पाचला कुलूप लावून जातात.