गच्चीवरून दीर्घिकासमूहाचे छायाचित्र घेताना

नाशिकमधल्या घराच्या गच्चीवरून सहा इंची दुर्बिणीने दीर्घिकासमूह टिपायचा असेल, तर सुरुवात अरुंधती केश तारकासमूहातील कोमा समूहापासून करावी. तो सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षे दूर असला, तरी नाशिकचा अक्षांश २० आणि त्याची क्रांती (आकाशातला अक्षांश) उत्तर २८ अंश असल्याने एप्रिलच्या सुरुवातीला मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात तो जवळजवळ डोक्यावर येतो, आणि शहरी उजेडाचा थर तिथेच सर्वांत पातळ असतो. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी.

दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचाच, म्हणजे सर्व रंगांत पसरलेला असतो. त्यामुळे तेजोमेघांसाठी घेतलेले महागडे नॅरोबँड फिल्टर (ठरावीक रंगाचा अरुंद पट्टाच आत सोडणाऱ्या काचा) इथे पेटीतच राहू द्यावेत. त्याऐवजी साठ ते नव्वद सेकंदांची छायाचित्रे किमान तीन तास घेत राहून ती सिरिलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करावीत, कारण छायाचित्रांची संख्या चौपट केल्यावरच दाणेदारपणा निम्मा होतो.

खरी फसगत फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग सॉफ्टवेअरमध्ये पुसता यावेत म्हणून एकसारख्या उजेडाची घेतलेली छायाचित्रे, टाळल्याने होते. त्यासाठी संध्याकाळी, एक धुतलेला पांढरा सुती पंचा दुहेरी करून नळीच्या तोंडावर ताणून बांधावा आणि फोकस व कॅमेरा रात्री असतील तसेच ठेवून फिकट आकाशाकडे वीसेक छायाचित्रे घ्यावीत, नाहीतर सेन्सरवरच्या धुळीची करडी वलये अंधूक दीर्घिकांवरच येऊन बसतात. मधोमध एनजीसी ४८८९ आणि एनजीसी ४८७४ या समूहातल्या दोन मोठ्या दीर्घिकांचे पिवळसर ठिपके दिसले, की नेम बरोबर लागला आहे असे समजावे.