गाणं शिकायला येताय? आधी आपली पट्टी शोधा

सप्ताहात गाणारी मुलं शिकायला आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, माझी काळी चार निघते, चालेल ना?" काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी; जिला सा मानून गायचं ती आपली पट्टी. आमच्या लातूर-औसा भागात गळ्याची किंमत पट्टीवरून होते. काकड्याला उभा राहिलेला एखादा तरुण काळी पाचात अभंग म्हणतो म्हटलं की पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. त्यामागची मेहनत मला माहीत आहे; मीही त्याच भजनात वाढलो, मग लातुरात रीतसर शिकलो आणि आता संध्याकाळी नव्या मुलांना शिकवतो. पण क्लासला आल्यावर सगळ्यात आधी बदलावी लागते ती ही पट्टीच, आणि बरेच जण पहिल्याच महिन्यात नाराज होतात ते यावरूनच.

पट्टी ठरवायची पद्धत सोपी आहे. गुरुजी पेटीवर एक सूर धरतात. त्याला सा मानून तुम्हाला खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या प पर्यंत) उतरायला लावतात, मग वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत) न्यायला सांगतात. खाली नुसती हवा निघत नसेल आणि वर जाताना हनुवटी उचलली जात नसेल, गळ्याच्या शिरा फुगत नसतील, तर ती पट्टी तुमची. पुरुषांची बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास येते, बायकांची काळी चार-पाचच्या. हा अंदाज झाला, नियम नव्हे. काळी चारात अभंग म्हणणाऱ्याला 'तुझी काळी एक' असं सांगितलं की त्याला आपण खाली आल्यासारखं वाटतं. तसं वाटून घेऊ नका. उंच पट्टीत मध्य सप्तकाचे वरचे चार सूर दणदणीत लागतात, पण तार सप्तकात जायला गळ्यात जागाच उरत नाही, आणि ख्यालात, म्हणजे राग विस्ताराने गाताना, तिथपर्यंत जावंच लागतं.

मुलग्यांच्या आईवडिलांना एक मुद्दाम सांगतो. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांत आवाज फुटतो. त्या काळात सा कधी खाली जातो, कधी मध्येच चिरकतो. क्लास बंद करू नका, मात्र वरचे सूर ओढून काढायला लावू नका. ताल, ऐकणं, बंदिशींचे शब्द, हे सगळं त्या दिवसांत छान होतं.

आता पहिले काही महिने काय शिकवतात? सा. पालक विचारतात, "गाणं कधी बसवणार?" कारण पोराला गणेशोत्सवात गायचं असतं. पण या सा मध्ये काय चाललंय ते एकदा जवळून ऐका. तंबोरा सुरू करा, डोळे मिटा आणि हलक्या आवाजात आकाराने, म्हणजे 'आ' म्हणत, सा लावा. तुमचा सूर तंबोऱ्याच्या अगदी जवळ पण थोडासा बाजूला असेल, तर दोन्ही आवाज मिळून एक थरथर ऐकू येते, वाँव-वाँव अशी. सूर सरकवत न्या, थरथर संथ होत जाते. नेमक्या जागी ती थांबते, आणि आपला आवाज तंबोऱ्यात कुठे गेला ते कळेनासं होतं. शिकवणारा समोर नसतानाही स्वतःला तपासता येईल असं हे एकच साधन घरी आहे, म्हणून मी पेटीपेक्षा तंबोऱ्यावर रियाज करा असं आग्रहाने सांगतो. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. फक्त पेटीवर घोटलं तर कान तो चढा गंधारच धरून बसतो.

मग अलंकार, पलटे (सुरांचे ठरावीक क्रम घोटणं), तीनताल-झपताल हातावर धरणं, आणि पहिला राग. तो बहुतेक ठिकाणी भूप असतो, कारण त्यात मध्यम-निषाद (म आणि नि) नाहीत आणि पाच सुरांत मोकळं फिरता येतं. पुढे यमन, दुर्गा.

घरच्या रियाजाबद्दल लोकांची कल्पना फार मोठी असते. सुरुवातीला अर्धा तास पुरतो, पण रोज. सकाळी आवाज जड असतो तेव्हा खर्ज घ्या: सा वरून एकेक सूर खाली उतरत प्रत्येकावर श्वास संपेपर्यंत थांबायचं, आवाज न वाढवता. आपल्याकडे अडचण वेगळीच येते. पहाटे देवळाच्या भोंग्यावर काकडा लागतो, तो भलत्याच पट्टीत, आणि आपला सा नकळत तिकडे ओढला जातो. अशा वेळी खिडकी लावून तंबोरा कानाजवळ ठेवा. मोबाईलवरचा तंबोरा चालतो, पण मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून खर्जाची (खालच्या सा ची) तार नीट ऐकूच येत नाही. इयरफोन किंवा लहानसा वेगळा स्पीकर लावा. उन्हाळ्यात कूलर बंद करून गा. त्याच्या घरघरीवर मात करायला माणूस ओरडू लागतो आणि त्याला ते समजतही नाही. एप्रिल-मे मध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की घशाला दिवसभर पाणी लागतं. गाताना दोन घोट घेऊन भागत नाही. रात्री उशिरा ठेचा-भाकरी खाऊन लगेच आडवं झालं की सकाळी घसा खरखरतो, हेही मुलांमध्ये नेहमी बघतो.

सारखं खाकरू नका. घसा बसला तर कुजबुजत बोलण्यापेक्षा गप्प राहा. आणि आवाजाचा घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, काढ्यावर वेळ घालवू नका.

परीक्षांचं थोडक्यात. गायक पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याच परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे जास्त चालतात. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी चढण आहे. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून अनेक जण येतात, त्यात गैर काही नाही. फक्त दरवर्षी पुढची परीक्षा द्यायलाच हवी असं धरू नका. भूप गळ्यात बसलेला नसताना तीन रागांचे आलाप पाठ करून काय होणार? आणि चांगलं शिकायला पुण्यालाच जावं लागतं, हेही डोक्यातून काढा. नांदेडचे गायक पं. नाथराव नेरळकर यांनी औरंगाबादेत राहून कितीतरी शिष्य घडवले.

राहता राहिला गावचा सप्ताह. तो सोडायची गरज नाही. शिकत असताना पहिलं वर्षभर चाल उचलायला पुढे होऊ नका, टाळ घेऊन मागच्या रांगेत उभे राहा. पट्टी झेपत नसेल तिथे खालच्या सप्तकात म्हणा. ऐन सप्ताहात रोजचा रियाज निम्मा करा, आणि काल्याच्या दुसऱ्या दिवशी गळ्याला पूर्ण सुट्टी द्या.