हॅकिन्टॉश लॅपटॉपवर पडदा बिघडतो तेव्हा या चुका टाळा

इंटेल प्रोसेसर असलेल्या साध्या लॅपटॉपवर ॲपलची मॅकओएस बसवणे, म्हणजेच 'हॅकिन्टॉश' बनवणे, ॲपलच्या परवान्यात बसत नाही. तो परवाना केवळ ॲपलच्याच संगणकांपुरता असल्याने बिघाड झाल्यावर कोणत्याही सेवा केंद्राकडून मदत मिळत नाही आणि उत्तर आपल्यालाच शोधावे लागते. या शोधात सर्वाधिक वेळ ग्राफिक्सवर जातो, आणि त्यातील बराचसा वेळ निदान न करता उपाय सुरू केल्यामुळे वाया जातो.

म्हणून पहिली चूक हीच: बिघाड कोणत्या जातीचा आहे हे न पाहता ओपनकोरची, म्हणजे असा लॅपटॉप मॅकओएसमध्ये सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, कॉन्फिग फाइल उघडणे. 'अबाउट धिस मॅक'मध्ये ग्राफिक्सपुढे केवळ ७ एमबीसारखा आकडा दिसत असेल, डॉक (पडद्याच्या तळाची ॲपची पट्टी) अपारदर्शक असेल आणि खिडकी सरकवताना ती तुकड्यातुकड्यांनी सरकत असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर चढलेलाच नाही. तेथे १५३६ एमबी किंवा तत्सम मोठा आकडा दिसत असूनही पडद्यावर रेघा उमटत असतील किंवा बाहेरचा मॉनिटर चालत नसेल, तर ड्रायव्हर ठीक आहे आणि दोष मेमरीच्या वाटपात किंवा जोडणीच्या वर्णनात आहे. या दोन बिघाडांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

ड्रायव्हर न चढण्यामागे बहुधा चुकीची ओळख असते. यूएचडी ६२० या नावाखाली एकाहून अधिक पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. आय५-८२५०यू मधील चिप इंटेलच्या केबी लेक-आर घराण्यातील आहे, तर आय५-८२६५यू मधील चिप व्हिस्की लेकची असून तिला कॉफी लेकचा ड्रायव्हर लागतो. केवळ '६२०' हा आकडा जुळला म्हणून दुसऱ्याच्या लॅपटॉपची ईएफआय फोल्डर (ओपनकोर आणि त्याच्या सर्व फाइली जिच्यात असतात ती) जशीच्या तशी उचलणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते. केबी लेक-आर असेल तर योग्य आयजी-प्लॅटफॉर्म-आयडीबरोबर (कोणती ग्राफिक्स मांडणी वापरायची हे सांगणारा क्रमांक) डिव्हाइस-आयडीही, म्हणजे चिपचा ओळख क्रमांकही, द्यावा लागतो. तो मूळ ५९१६ असला तरी ओपनकोरच्या कॉन्फिगमध्ये बाइटचा क्रम उलटा करून १६५९०००० असा, आणि 'स्ट्रिंग' नव्हे तर 'डेटा' या प्रकारातच लिहायचा असतो. प्रकार चुकला तर कोणतीही सूचना न येता ती नोंद निरुपयोगी ठरते. याच टप्प्यावर हेही तपासावे की केक्स्टच्या (मॅकओएसला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरसारख्या फाइलींच्या) यादीत लिलू आधी आणि ग्राफिक्सच्या दुरुस्त्या करणारी व्हॉटेव्हरग्रीन त्यानंतर आहे, कारण दुसरी केक्स्ट पहिलीवर अवलंबून असते.

मेमरीच्या बाबतीत अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी आधीच राखून ठेवलेली जागा, म्हणजे डीव्हीएमटी, ३२ एमबीवर अडकवलेली असते आणि मॅकओएसचे फ्रेमबफर (पडद्यावरील चित्रासाठीची मेमरीची मांडणी) साधारण ६४ एमबी गृहीत धरतात. त्यामुळे सुरू होतानाच कर्नल पॅनिक येऊ शकते, म्हणजे यंत्रणाच कोसळू शकते. बायोसमध्ये हा पर्याय दिसत असेल तर तेथेच ६४ करावे. दिसत नसेल तरच फ्रेमबफर पॅच सुरू करून कॉन्फिगमधील मेमरीच्या दोन नोंदींना, म्हणजे स्टोलनमेमला ००००३००१ (१९ एमबी) आणि एफबीमेमला ००००९००० (९ एमबी) ही मूल्ये द्यावीत. बायोस उघडलेलाच असेल तर सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) हेही बंद करावे, कारण सुरुवातीच्या पडद्यावरील विस्कटलेल्या चित्राचे ते एक नेहमीचे कारण आहे.

लॅपटॉप सुरू होतो, आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी ड्रायव्हरला दोष देण्याआधी पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहावा. चित्र अंधूक दिसत असेल तर बिघाड बॅकलाइटचा आहे आणि त्यासाठी पीएनएलएफची एसएसडीटी (मॅकओएसला बॅकलाइटची ओळख करून देणारी ओपनकोरमधील छोटी फाइल) किंवा व्हॉटेव्हरग्रीनमधील बॅकलाइट रजिस्टरची दुरुस्ती हवी. एचडीएमआयवर जांभळट छटा येत असेल तर त्या जोडणीचा प्रकार डिस्प्लेपोर्ट लिहिला गेला आहे का ते पाहावे. एचडीएमआयसाठी तेथे ०००८०००० हे मूल्य लागते.

काही ठिकाणी मात्र कितीही पॅच लावले तरी उपयोग नसतो, आणि हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण यात लोकांच्या रात्री वाया जातात. इंटेलच्या ११व्या पिढीतील आयरिस एक्सईसाठी मॅकओएसमध्ये ड्रायव्हर नाही. ऑप्टिमस लॅपटॉपमधील, म्हणजे इंटेल ग्राफिक्ससोबत दुसरी चिप असलेल्या लॅपटॉपमधील, एनव्हीडिया चिप चालत नाही. ती बंद करणे एवढेच हातात असते आणि एचडीएमआय त्या चिपलाच जोडलेले असेल तर ते पोर्टही सोडून द्यावे लागते. २०२२ च्या मॅकओएस व्हेंचुरापासून इंटेलच्या स्कायलेक पिढीतील ग्राफिक्सचा आधार काढला गेला आहे, त्यामुळे तिला केबी लेकची ओळख द्यावी लागते. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केलेले असल्याने, जुन्या आवृत्तीवर पडदा नीट चालत असेल तर केवळ नव्याच्या ओढीने अपडेट करू नये, असे माझे ठाम मत आहे.

शेवटची चूक सर्वांत महाग पडते: डिस्कवरील एकमेव ईएफआयमध्ये एकाच वेळी पाच-सहा बदल करणे. चालू स्थितीतील ईएफआयची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्यावी, प्रत्येक बदल तेथे एकेक करून पारखावा, ओपनकोरच्या त्याच आवृत्तीच्या ओसीव्हॅलिडेट या तपासणीच्या साधनाने कॉन्फिग फाइल तपासावी आणि बदलानंतर एनव्हीरॅम (सुरू होण्याच्या सेटिंग साठवणारी मेमरी) रीसेट करावे. पडदा अजिबातच येत नसेल तर बूट आर्ग्युमेंटमध्ये (सुरू होताना मॅकओएसला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) -आयजीएफएक्सवेसा द्यावे. त्याने ग्राफिक्सचे प्रवेगन बंद होऊन मॅकओएस संथ चालते, पण चुकीची नोंद काढून टाकण्यापुरते चित्र मिळते. दुरुस्ती झाल्यावर ते आर्ग्युमेंट काढण्यास विसरू नये, अन्यथा ड्रायव्हर बरोबर असूनही पुन्हा तोच ७ एमबीचा आकडा दिसेल.